शंभरातले नव्वद मेले. मग कीड वाढली कशी?

एखादे कीटकनाशक चांगले की वाईट हे कसे ठरवायचे? प्रश्न अगदी सोपा वाटतो. किडे घ्यावेत, त्यांच्यावर औषध फवारावे आणि किती मेले ते मोजावे. शंभरातले नव्वद मेले तर औषध चांगले, दहाच मेले तर वाईट. यात कठीण ते काय?

पण विद्यार्थी मित्रहो, भातावर राहणाऱ्या तीन-चार मिलिमीटर लांबीच्या एका किड्याने साऱ्या आशिया खंडातल्या शास्त्रज्ञांना हा सोपा प्रश्न पुन्हा एकदा मुळापासून तपासायला लावला. शंभरातले नव्वद किडे मारणारी औषधे शेतात फवारली गेली आणि दोन-अडीच महिन्यांनी पाहावे तो फवारलेल्या खाचरात किडे जास्त आणि न फवारलेल्या खाचरात कमी! मोजणाऱ्यांनी चूक केली नव्हती. औषधात भेसळही नव्हती. मग झाले काय? ते समजण्यासाठी आधी त्या किड्याची ओळख करून घेऊ.

तपकिरी तुडतुडा

या किड्याचे नाव तपकिरी तुडतुडा. शास्त्रीय भाषेत ‘निलपर्वत ल्युजेन्स’. गंमत म्हणजे यातला ‘निलपर्वत’ हा शब्द आपल्याला परका वाटत नाही! तुडतुडे भाताच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या जरा वर दाटीवाटीने बसतात. सुईसारखी सोंड खोडात खुपसून ते अन्नवाहिन्यांतला रस शोषतात. रस शोषला गेल्यामुळे रोप पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि शेवटी वाळते. खाचरात गोल गोल करपलेले चट्टे दिसू लागतात. जणू कोणी मध्येच आग लावली असावी. याशिवाय हा किडा भाताच्या काही विषाणुरोगांचा प्रसारही करतो.

मादी आपली अंडी पानाच्या तळाशी असलेल्या पर्णकोषात, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या भागात, आत खुपसून घालते. एक मादी आयुष्यात शे-दोनशे अंडी सहज घालते, कधी त्याहूनही जास्त. साधारण आठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. ती पाच वेळा कात टाकतात आणि मग प्रौढ होतात. अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत जेमतेम २५ दिवस लागतात. म्हणजे भाताच्या एका हंगामात या किड्याच्या तीन पिढ्या सहज होतात. हे दोन आकडे, २०० अंडी आणि २५ दिवस, लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला लागणार आहेत.

ही कीड नवी नाही. जपानमध्ये १७३२ साली पडलेल्या मोठ्या दुष्काळाचे खापर अशाच तुडतुड्यांवर फोडले जाते. त्या काळी तेथील शेतकरी खाचरातल्या पाण्यावर देवमाशाचे तेल ओतत आणि रोपे हलवून तुडतुडे खाली पाडत. साध्या पाण्यावर पडलेला तुडतुडा बुडत नाही. पृष्ठताणामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि मेणचट अंगाचा किडा त्यावरून उडी मारून पुन्हा रोपावर जातो. तेलाने मात्र त्याचे अंग भिजते, श्वासाची छिद्रे बुजतात आणि तो गुदमरतो. रसायनशास्त्राआधी भौतिकशास्त्र शेतकऱ्याच्या मदतीला आले होते, असे म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदलले. फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिने १९६६ साली आयआर-८ हे बुटके, भरघोस पीक देणारे वाण दिले. भाताची दाट लावणी, भरपूर नत्रखत आणि सोबत कीटकनाशकांच्या फवारण्या अशी नवी पद्धत आशियाभर पसरली. आणि याच काळात, पूर्वी फारसा उपद्रव न देणारा तपकिरी तुडतुडा ठिकठिकाणी पहिल्या क्रमांकाचा शत्रू बनला. आपल्या देशात केरळमध्ये १९७३-७४ साली त्याने भाताचे मोठे नुकसान केले.

प्रयोगशाळेतील परीक्षा

साहजिकच, या किड्यावर कोणते औषध चालते याचा शोध सुरू झाला. प्रयोगशाळेत ही परीक्षा कशी घेतात ते पाहू.

कार्बन डायऑक्साइड वायूने तुडतुड्यांना थोडा वेळ गुंगी आणतात. औषध ॲसिटोनमध्ये विरघळवून अगदी बारीक सुईच्या पिचकारीने प्रत्येक तुडतुड्याच्या पाठीवर एक थेंब ठेवतात. हा थेंब एका मायक्रोलिटरपेक्षाही लहान असतो. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. मग त्या किड्यांना भाताच्या ताज्या रोपांवर सोडून २४ किंवा ४८ तासांनी मेलेले किडे मोजतात.

पण एवढ्याने भागत नाही. आणखी काही तुडतुड्यांवर नुसत्या ॲसिटोनचा थेंब ठेवतात, औषध मुळीच नाही. कारण इतका नाजूक किडा हाताळण्यानेही मरू शकतो. या गटाला ‘नियंत्रित गट’ म्हणतात. तुम्ही प्रयोगशाळेत वर्नियर कॅलिपर वापरताना आधी शून्य त्रुटी पाहता आणि ती मापातून वजा करता ना? नियंत्रित गट म्हणजे कीटकशास्त्रज्ञाची शून्य त्रुटी.

समजा, औषध लावलेल्या १०० तुडतुड्यांपैकी ८४ मेले आणि नुसते ॲसिटोन लावलेल्या १०० पैकी २० मेले. मग औषधाने किती मारले? ८४ वजा २०, म्हणजे ६४, असे उत्तर देण्याचा मोह होईल. पण जरा थांबा. औषध नसते तरी २० मेलेच असते. म्हणून औषधाला खरी संधी होती ती उरलेल्या ८० किड्यांवर. औषध लावल्यावर जिवंत राहिले १६. म्हणजे ८० पैकी ६४ औषधाने मारले आणि खरा परिणाम ८० टक्के झाला. हे सूत्र ॲबट या शास्त्रज्ञाने १९२५ साली मांडले आणि आजही ते जगभर वापरले जाते.

औषधाची मात्रा कमीजास्त करून हा प्रयोग पुन्हा पुन्हा करतात. ज्या मात्रेने निम्मे किडे मरतात तिला ‘अर्धमारक मात्रा’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून एलडी-५० म्हणतात. तुम्ही विचाराल, निम्मेच का? सगळे किडे मारणारी मात्रा का शोधत नाहीत? कारण शंभर किड्यांत एखादा चिवट असतोच. तो कधी मरेल याचा नेम नसतो, म्हणून शेवटच्या किड्यावर आधारलेले माप दर वेळी वेगळे येते. निम्म्याच्या जवळ मात्र मात्रा थोडी वाढवली की मेलेल्यांची संख्या चटकन वाढते, त्यामुळे तेथे माप नेमके घेता येते. किरणोत्सारी पदार्थाचे आपण पूर्ण आयुष्य न सांगता अर्धायुष्य सांगतो. दोन्हीकडे ‘शेवटचा’ शोधण्यापेक्षा ‘निम्मे’ शोधणे शहाणपणाचे असते.

या मापाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. आज अर्धमारक मात्रा जेवढी आहे तिच्या दसपट मात्रा दहा वर्षांनी लागू लागली, तर ओळखावे की त्या किड्यांत औषधाला दाद न देणारी संतती वाढली आहे. इमिडाक्लोप्रिड या औषधाचे असेच झाले. १९९० च्या दशकात तुडतुड्यांवर ते रामबाण ठरले होते. २००५ च्या सुमारास पूर्व आशिया आणि व्हिएतनाममधून ते निकामी होत असल्याचे पुरावे येऊ लागले. हा धोका प्रयोगशाळेतील थेंबानेच दाखवून दिला.

शेतातील परीक्षा

प्रयोगशाळेत पास झालेले औषध मग शेतात तपासतात. येथे अडचणी वाढतात. खाचराच्या एका कोपऱ्यात पाणी जास्त साचते, दुसऱ्या कोपऱ्यात खत जास्त पडलेले असते. सर्व चांगल्या वाफ्यांत एकच औषध फवारले गेले तर श्रेय औषधाचे की जमिनीचे? म्हणून शेताचे सारखे भाग पाडतात, प्रत्येक भागात सर्व औषधांना एकेक वाफा देतात आणि एक वाफा बिनफवारणीचा ठेवतात. कोणता वाफा कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती प्रयोगांतून रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ही पद्धत घालून दिली. प्रयोग करणाऱ्याची आवडनिवड आड येऊ नये हा त्यातला हेतू.

फवारणीच्या आदल्या दिवशी आणि नंतर काही दिवसांनी प्रत्येक वाफ्यातील ठरावीक चुडांवरचे तुडतुडे मोजतात. समजा, फवारलेल्या वाफ्यात आधी चुडामागे १२ तुडतुडे होते, नंतर ३ राहिले. घट झाली ७५ टक्के. पण त्याच दिवसांत न फवारलेल्या वाफ्यात १० चे १५ झाले. म्हणजे काहीच केले नसते तर १२ चे १८ झाले असते. १८ व्हायचे ते ३ झाले, म्हणून खरी घट सुमारे ८३ टक्के. येथेही शून्य त्रुटी काढावीच लागते.

आतापर्यंत सर्व ठीक आहे. प्रयोगशाळा म्हणते औषध चांगले, शेत म्हणते औषध चांगले. मग घोटाळा कोठे झाला? घोटाळा मोजण्यात नव्हता. तो मोजणी कधी थांबवली यात होता.

नव्व्याण्णव आणि पंच्याण्णव

चला, एक हिशेब करू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण विचार खरा आहे.

खाचरात १०० तुडतुडे आहेत, निम्म्या माद्या. प्रत्येक मादी २०० अंडी घालते. म्हणजे ५० माद्यांची १०,००० अंडी. ही सारी जगली तर एकाच पिढीत शंभराचे दहा हजार होतील! पण शांत खाचरात तसे होत नाही. कारण तेथे तुडतुड्याचे शत्रू असतात. जाळे न विणता बुंध्याशी फिरून शिकार करणारे कोळी असतात. तुडतुड्याची अंडी शोधून शोषणारा एक हिरवा चिमुकला ढेकूण असतो. अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या असतात. समजा, या सर्वांमुळे आणि हवापाण्यामुळे १०० पैकी ९९ अंडी-पिल्ले मरतात. मग १०,००० पैकी १०० उरतात. शंभराचे शंभरच! कीड आहे, पण वाढत नाही.

आता फवारणी करू. औषध ९० टक्के तुडतुडे मारते, उरतात १०. पण तेच औषध कोळी आणि हिरवा ढेकूण यांनाही मारते. शत्रू कमी झाल्यामुळे आता १०० पैकी ९९ ऐवजी ९५ मरतात. फरक किती? अवघा चार टक्क्यांचा. परिणाम पाहा. १० तुडतुड्यांत ५ माद्या, त्यांची १,००० अंडी, त्यांतली पाच टक्के जगतात, म्हणजे ५०. दर पिढीला पाचपट!

फवारणीनंतर लगेच: फवारलेल्या खाचरात १०, न फवारलेल्या खाचरात १००.
एका पिढीनंतर (२५ दिवस): ५० आणि १००.
दोन पिढ्यांनंतर (५० दिवस): २५० आणि १००.
तीन पिढ्यांनंतर (७५ दिवस): १,२५० आणि १००.

दुसऱ्या दिवशी मोजणारा म्हणेल, ‘वा! नव्वद टक्के यश.’ पंचाहत्तराव्या दिवशी मोजणारा कपाळाला हात लावील. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. ९९ आणि ९५ यांत आपल्याला चारचाच फरक दिसतो, पण जगणाऱ्यांकडून पाहिले तर एकाचे पाच झाले आहेत. पिढ्यान् पिढ्या गुणाकार होत असेल तेथे मेलेल्यांपेक्षा जगलेल्यांकडे पाहावे, हा या हिशेबाचा धडा आहे.

त्यातून तुडतुड्याला आणखी एक फायदा मिळतो. त्याची अंडी पर्णकोषात सुरक्षित असतात, फवारा तेथे पोचत नाही. आठवड्याने पिल्ले बाहेर येतात तेव्हा औषधाचा जोर ओसरलेला असतो आणि मैदान शत्रूंपासून मोकळे असते. कोळ्यांची वाढ मात्र सावकाश होते.

लॉस बान्योसचे प्रयोग

फवारणीनंतर कीड उलट वाढण्याच्या या प्रकाराला ‘पुनरुद्रेक’ म्हणता येईल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॉस बान्योसच्या संस्थेत ई. ए. हाइनरिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी औषधांची परीक्षा या नव्या दृष्टीने घेतली. औषध फवारायचे आणि दुसऱ्या दिवशी न थांबता पुढच्या पिढ्या मोजत राहायचे. डेकामेथ्रिन, मिथिल पॅराथिऑन, डायझिनॉन यांसारखी नावाजलेली औषधे या परीक्षेत नापास झाली. ती तुडतुडे मारत होती आणि वाढवतही होती!

हाइनरिक्स आणि एस. चेल्लिया यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून आणखी एक विलक्षण गोष्ट पुढे आली. काही औषधांची मात्रा मारण्याइतकी नसली तर तुडतुडे नुसते वाचतच नाहीत, तर जास्त अंडी घालतात. म्हणजे बुंध्यापर्यंत न पोचलेला अर्धामुर्धा फवारा हा तुडतुड्याला एक प्रकारे टॉनिकच ठरत होता. त्याच सुमारास पीटर केनमोर यांनी फिलिपीन्सच्या शेतांत शत्रू-कीटकांच्या कामाचे मोजमाप करून दाखवले की, न फवारलेल्या खाचरात तुडतुड्यांना आवर घालणारे मुख्यतः हेच होते.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. बुप्रोफेझिन नावाचे एक औषध आहे. ते पिल्लांना नवी कात बनवू देत नाही, म्हणून पिल्ले पुढच्या वेळी कात टाकताना मरतात. प्रौढ तुडतुडे त्याने मरत नाहीत आणि कोळ्यांना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. या औषधाची परीक्षा २४ तासांत संपवली तर ते सपशेल नापास होईल! म्हणजे घाईची परीक्षा दोन्हीकडून फसवते. वाईटाला पहिला नंबर देते आणि चांगल्याला घरी पाठवते.

इंडोनेशियाचा निर्णय

ही केवळ पुस्तकी चर्चा नव्हती. इंडोनेशियात १९७७ साली तपकिरी तुडतुड्याने दहा लाख टनांहून अधिक तांदूळ बुडवला. सरकार कीटकनाशकांच्या किमतीचा मोठा भाग स्वतः भरत होते, त्यामुळे ती स्वस्त मिळत आणि शेतकरी कीड दिसली की फवारत, न दिसली तरी फवारत. १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण लगेच १९८५-८६ मध्ये जावा बेटावर तुडतुड्याने पुन्हा डोके वर काढले, आणि तेही जेथे फवारण्या जोरात होत्या तेथे.

इडा न्योमन ओका यांच्यासारख्या तेथील कीटकशास्त्रज्ञांनी शेतातले पुरावे सरकारपुढे ठेवले. नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद करण्यात आला. पुढे १९८९ पर्यंत कीटकनाशकांवरची सरकारी सूटही संपवली गेली. औषधे काढून घेतली तर देश उपाशी मरेल असे म्हणणारे पुष्कळ होते. पण भाताचे उत्पादन घटले नाही, उलट पुढील वर्षांत वाढले. १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या ‘शेतशाळा’ सुरू झाल्या. त्यांत शेतकरी स्वतः खाचरात उतरून तुडतुडे आणि कोळी मोजायला शिकले आणि मोजल्यावरच फवारायचे की नाही ते ठरवू लागले.

आपल्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत या किडीला शेतकरी ‘मावा-तुडतुडा’ म्हणून ओळखतात. आज कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला असा असतो: नत्रखत अवाजवी देऊ नये, लावणीत ठरावीक अंतरावर मोकळे पट्टे सोडावेत, कीड दिसल्यास काही दिवस बांधीतले पाणी काढून टाकावे, आणि तुडतुड्यांची संख्या मर्यादेपलीकडे गेली तरच योग्य औषध बुंध्यावर फवारावे. लॉस बान्योसच्या परीक्षेत नापास झालेल्या मिथिल पॅराथिऑन आणि डायझिनॉन या दोन्ही औषधांवर भारतात २०१८ साली बंदी घालण्यात आली. ती माणसांना आणि इतर प्राण्यांनाही घातक आहेत.

करून पाहा

तुमच्या गावाजवळ भाताची शेती असेल तर शिक्षकांच्या मदतीने आणि शेतमालकाच्या परवानगीने हा प्रयोग करा. औषधाच्या डब्यांना हात लावायचा नाही आणि नुकत्याच फवारलेल्या खाचरात उतरायचे नाही, हा पहिला नियम.

१. खाचरातील २० चूड निवडा. डोळ्यांना दिसतील ते निवडू नका, नाहीतर पिवळे पडलेलेच चूड निवडले जातील. चिठ्ठ्या टाकून ‘किती पावले आत, कितवी ओळ’ हे ठरवा.
२. प्रत्येक चूड हलकेच वाकवून बुंध्यावर हाताने थोपटा. पाण्यावर पडलेले आणि बुंध्यावर उरलेले तुडतुडे मोजा. कोळी वेगळे मोजा.
३. वीस चुडांची सरासरी काढा. तुडतुडे किती, कोळी किती, दोन्ही लिहा.
४. दर आठवड्याला एकदा, पीक पिकेपर्यंत, ही मोजणी करा आणि आलेखकागदावर दोन्ही रेषा काढा.

दोन वेगवेगळ्या खाचरांचे असे आलेख वर्गात शेजारी शेजारी लावा. कोणत्या खाचरात कधी फवारणी झाली तेही शेतकऱ्याला विचारून आलेखावर खूण करा. मग फवारणीच्या खुणेनंतरचा पहिला आठवडा पाहा आणि त्यानंतर आठवा-नववा आठवडाही पाहा. वरच्या हिशेबातले शंभर, नव्याण्णव आणि पंच्याण्णव तुमच्या गावच्या खाचरात खरोखर कसे वागतात ते तुम्हांला तुमच्याच आकड्यांतून कळेल, आणि ते शेतकऱ्यालाही सांगता येईल.